प्रमाण लांडगा

एका जंगलात लांडगे कमी होत चालले होते, आणि ते का कमी होतायत हे सगळ्या जंगलाला माहीत होतं.

जंगलाच्या कडेला एक माळ होता. माळावर गवत होतं, गवतात ससे होते, सशांच्या मागावर लांडगे होते. मग महाराजांचे मेहुणे बिबटराव यांनी माळाच्या एका टोकाला खडीची खाण काढली. गवत गेलं, ससे गेले. पुढचं तुम्हाला सांगायला नको, तुम्ही हुशार मुलं आहात.

महाराज वाघ होते. मग त्यांचे मेहुणे बिबटे कसे, असं तुमच्यातलं कुणीतरी विचारणार. विचारू नका. राजघराण्यात रक्ताच्या गोष्टी काढत नाहीत. त्या इतरांच्या काढायच्या असतात.

तर लांडगे कमी होतायत म्हणून दरबार भरला. जी गोष्ट सगळ्यांना माहीत असते तिच्यावर संशोधन करता येत नाही, ही मोठी अडचण होती. पण बिबटरावांनी मार्ग काढला.

"आपण उगाच बाहेर कारणं शोधतोय," ते म्हणाले. "लांडग्यांच्या आत बघा. त्यांच्या रक्तातच काहीतरी भेसळ झाली असणार."

सगळ्यांना ते पटलं. बाहेर बघायचं म्हणजे खाणीकडे बघावं लागलं असतं.

झालं. जंगलात वंशशुद्धी संशोधन केंद्र निघालं. आंब्याच्या सावलीत इमारत उठली, पडवी आली, फाटक आलं. प्रमुख म्हणून डॉ. खवले यांची नेमणूक झाली. डॉ. खवले म्हणजे खवले मांजर. ते परदेशी जंगलात शिकून आले होते आणि खरोखरच विद्वान होते. त्यांना एकच सवय होती. कुणी अवघड प्रश्न विचारला की ते अंगाचा चेंडू करून घेत. मग विचारणारा थोडा वेळ थांबे आणि निघून जाई. याला केंद्रात 'विषय विचाराधीन आहे' असं म्हणत.

केंद्राबरोबर नियमही आला. ज्या जमिनीवर शुद्ध लांडगा राहतो ती जमीन राखीव. तिथे खाण नाही, नांगर नाही, काही नाही. मात्र लांडगा भेसळीचा निघाला, तर जमीन मोकळी. या नियमाच्या बाजूनं सगळ्यात आधी पंजा वर केला तो बिबटरावांनी. महाराजांना मेहुण्यांचं फार कौतुक वाटलं.

आता माळावर चला. माळाच्या उरलेल्या टोकाला करडी नावाची लांडगी आणि तिचा नवरा भुरा, उरलेले एवढे दोनच लांडगे, राहत होते. एका घळीत त्यांचं बीळ होतं. त्या बिळात करडी जन्मली होती, तिची आई जन्मली होती, आईची आईही. बिळाच्या वर एक मोठा धोंडा होता. लांडग्यांच्यात एक रीत असते. पिल्लं चालायला लागली की आई त्यांना धोंड्यावर घेऊन जाते, मान वर करते आणि हाळी देते. लांब, पार माळापलीकडे जाईल अशी. मग एकेक पिल्लू तिला उत्तर देतं. पहिल्यांदा उत्तर फाटकंतुटकं येतं, मग नीट येतं. ते नीट आलं की पिल्लू लांडगा झालं, असं धरतात. यापलीकडे लांडग्यांच्यात काही विधी नाही, मुंज नाही, बारसं नाही.

येत्या थंडीत करडीला पिल्लं व्हायची होती. तिला दुसरं काही नको होतं. आपली पिल्लं आपल्या आईच्या धोंड्यावरून हाळी देताना बघायची, एवढंच तिच्या मनात होतं. त्यासाठी माळ जागेवर राहायला हवा होता. आणि माळ राहायला करडी शुद्ध लांडगी निघायला हवी होती. तिला त्याची काळजी वाटली नाही. लांडगी लांडगी निघणार नाही तर काय निघणार, असं तिला वाटलं. शिकलेली नव्हती ना.

आता थोडं शास्त्र ऐका. कुठल्याही प्राण्याच्या शीमध्ये त्याच्या वंशाची सगळी खूण उतरलेली असते. आई कोण, बाप कोण, पणजी कोण, सगळं. हसू नका. शी म्हणजे शीच, पण केंद्रात तिला नमुना म्हणतात. आधी एका अस्सल लांडग्याचा नमुना घ्यायचा. तो प्रमाण नमुना. मग बाकीच्यांचे नमुने गोळा करून त्याच्याशी ताडून बघायचे. जुळला तो शुद्ध, न जुळला तो भेसळ. इतकं सोपं आहे, आणि खरं सांगायचं तर इतकं चांगलंही आहे.

उद्घाटनाला महाराज येणार होते. प्रमाण नमुना महाराजांच्या हस्ते स्वीकारायचा आणि मग यंत्र सुरू करायचं, असा बेत होता. करडीला निरोप गेला की मुहूर्तावर ताजा नमुना घेऊन हजर राहावं. ती सकाळपासून आवरून धरून चालत केंद्रापाशी आली.

फाटकावर टिप्या होता. टिप्या म्हणजे गावातला कुत्रा. पूर्वी कुणा बंगलेवाल्याकडे असायचा, बंगलेवाले घर बदलताना त्याला विसरून गेले होते. गळ्यातला पट्टा मात्र तसाच राहिला होता. फाटकावर दिवसभर बसून राहायला जंगलात कुणी तयार होईना, म्हणून केंद्रानं त्याला ठेवून घेतला होता.

"कुठं निघालीस?" टिप्यानं विचारलं.

"आत. मला बोलावलंय."

"पास दाव."

"पास कसला? मी लांडगी हाय. माझ्याच नावानं तर समदं चाललंय आत."

"ते आत गेल्यावर सांग. आत जायला पास लागतो."

"आरं, नमुना घिऊन आलेय मी."

टिप्यानं तिच्याकडे पुढून मागून पाहिलं. "कुठाय?"

"पोटात."

"मग तो बाहेर आला की ये."

करडी फाटकाबाहेर बसून राहिली. आत सनई वाजत होती. भटजी म्हणून आलेला बगळा एका पायावर उभा राहून सारखा उन्हाकडे बघत होता. मुहूर्त टळत चालला होता. महाराजांनी एक जांभई दिली, आणि महाराजांच्या जांभईत दात दिसतात, म्हणून सगळे सावरून बसले.

डॉ. खवले घामाघूम होऊन फाटकाकडे धावत आले. त्यांना बाहेर बसलेली करडी दिसली नाही. त्यांना दिसली ती फाटकाच्या आत, टिप्याच्या बसायच्या जागेपासून हातभर अंतरावर पडलेली एक ताजी शी. डॉ. खवल्यांनी इकडे बघितलं, तिकडे बघितलं. पळसाचं एक पान तोडलं आणि ती उचलली.

चांदीच्या वाटीत ती ठेवली गेली. वाटीला हार घातला. बगळ्यानं मंत्र म्हटले. राणीसाहेबांनी औक्षण केलं, महाराजांनी हळदकुंकू वाहिलं, फूल वाहिलं आणि डोळे मिटून हात जोडले.

"काय ताकदीचा लांडगा असेल हा," महाराज डोळे उघडून म्हणाले.

"आजपासून या जंगलात लांडगा म्हणजे हा," डॉ. खवले म्हणाले. त्यांचा आवाज जरा कापत होता, पण लोकांना ते भावनेनं वाटलं.

प्रसादाच्या वेळी फाटक सगळ्यांना उघडतात. तेव्हा करडी आत शिरली आणि मागच्या रांगेत टिटवीशेजारी बसली. टिटवी माळावरचीच, शेजारीण. करडी तिला मावशी म्हणायची. करडीनं नाक वर करून हुंगलं आणि तिला हसूच फुटलं.

"मावशे, ती टिप्याची हाय."

"कशावरनं?"

"नाकावरनं. आणि कशावरनं असतंय?"

"गप बस बाई," टिटवी म्हणाली. "महाराजांनी फूल वाहिलंय तिला."

मग करडी गप्प बसली. आपण कशाला बोला, चारचौघांत मोठ्या माणसांचा पचका कशाला करा, असं तिला वाटलं. घरी जाईपर्यंत ती हसत होती. बिळापाशी पोचून तिनं भुऱ्याला सगळं साभिनय सांगितलं. हात जोडलेले महाराज तिला फार छान जमले.

भुरा तितका हसला नाही. "त्याच्यावरनंच मापणार हायत न्हवं आपल्याला?"

"मापू द्यात की. लांडगा कुठला आन् कुत्रं कुठलं, येवढं कळत न्हाई व्हय त्यास्नी? शिकल्याली हायत."

नमुने गोळा करायला केंद्रानं मुंगसं नेमली होती. माळ लांब होता आणि ऊन कडक. मुंगसांनी विचार केला, की लांडगा काय, माळावर मिळतो तसा सावलीतही मिळू शकतो. त्यांनी केंद्राच्या आजूबाजूचे नमुने गोळा केले. मग केंद्रापासून गावाच्या उकिरड्यापर्यंत जाणाऱ्या वाटेवरचे केले. त्या वाटेवर नमुन्यांना तोटा नव्हता. केंद्राचा नियम मोडायला नको म्हणून एक मुंगूस एकदा माळावरही येऊन गेलं आणि करडी-भुऱ्याचा नमुना घेऊन गेलं.

यंत्र मोठं होतं, समुद्रापलीकडून आणलेलं. एका अंगानं नमुना घालायचा, दुसऱ्या अंगानं वंश बाहेर यायचा. मुलांनो, यंत्र एकदाही चुकलं नाही, हे ध्यानात ठेवा. त्याला जे विचारलं त्याचं त्यानं बिनचूक उत्तर दिलं. वाटेवरचे सगळे नमुने प्रमाण नमुन्याशी तंतोतंत जुळले. टिप्याचा तर असा जुळला की यंत्राजवळची मुंगसं टाळ्या वाजवायला लागली.

निकाल जाहीर झाला. जंगलात लांडगे कमी झालेले नाहीत. उलट ते भरमसाट वाढलेत, आणि तेही शुद्ध. दरबारात पेढे वाटले. बिबटरावांनी डॉ. खवल्यांना मिठी मारली, तेव्हा ते सवयीनं चेंडू झाले.

निकालात फक्त दोघं न जुळणारी होती. करडी आणि भुरा.

करडी धावतच केंद्रात गेली. या खेपेला टिप्यानं तिला अडवलं नाही. तो आता प्रमाण लांडगा होता आणि फाटकाकडे बघणं त्याला शोभत नव्हतं.

"डॉक्टरसाहेब, माझं काय चुकलं?" तिनं विचारलं.

"तसं फार नाही, करडीबाई. तुमचं बहुतेक सगळं जुळतंय," डॉ. खवले म्हणाले. ते मुळात सज्जन होते आणि निकाल हळू आवाजात सांगत. "थोडासा भाग तेवढा जुळत नाही. तुमच्या रक्तात काहीतरी जंगली मिसळलंय."

करडी एक पाऊल पुढे सरकली.

"साहेब, ती वाटीतली टिप्याची हाय. मला त्याच दिशी वास आला हुता. तवाच बोलाय पायजे हुतं, चुकलं माझं. पर आता सांगते."

डॉ. खवल्यांनी दाराकडे बघितलं. मग त्यांनी आवाज आणखी खाली आणला.

"मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. मीच उचलली ना ती."

"मग सांगा की महाराजांस्नी."

"काय सांगू? तिला हळदकुंकू वाहिलंय त्यांनी. राणीसाहेबांनी ओवाळलंय. आता ती टिप्याची म्हटली, तर महाराजांनी नेमके कुणाला हात जोडले असा प्रश्न उभा राहतो. हा प्रश्न शास्त्रात बसत नाही, करडीबाई."

"मी लांडगी हाय का न्हाई, येवढंच सांगा."

डॉ. खवले चेंडू झाले. करडी इतरांसारखी निघून गेली नाही. ती बसून राहिली. बऱ्याच वेळानं चेंडूच्या आतून आवाज आला.

"व्यक्तिशः विचाराल तर आहात."

"आन् केंद्राच्या हिशेबी?"

"नाही. पण निराश होऊ नका. तुमच्यासारख्यांसाठी वंशसुधार योजना आहे. शुद्ध नराशी सोयरीक केलीत तर पुढची पिढी निम्मी सुधारेल. त्या पिढीनं तसंच केलं की आणखी. पतवंडांपर्यंत अगदी प्रमाण निघतील."

"शुद्ध नर कंचा?"

"तो काय, फाटकापाशी बसलाय."

करडीनं बाहेर बघितलं. टिप्या मागच्या पायानं कान खाजवत होता.

"मला नवरा हाय," ती म्हणाली.

"त्याचंही जुळत नाही हो."

"माझ्याशी जुळतंय."

करडीला राग यायला हवा होता. पण राग यायला समोर कुणाचं तरी तोंड असावं लागतं, आणि समोर नुसती खवलं होती. ती परत आली.

मग माळ मोकळा झाला. भेसळीची जमीन, राखून काय करायची? बिबटरावांची माणसं सुरुंग घेऊन आली. माणसं म्हणजे अस्वलं. त्यांनी खाणीकडून सुरुवात केली आणि रोज थोडीथोडी घळीकडे सरकू लागली.

तिकडे केंद्रात शुद्ध लांडग्यांना पट्टे वाटण्याचा समारंभ ठेवला. गळ्यात पट्टा असला की लांडगा कुठं जातो, काय करतो ते बसल्या जागी कळतं, असं शास्त्र आहे. शिवाय एकदा पट्टा बांधला की पुन्हा तपासणी नाही. पट्टा हाच पुरावा. टिप्याला वेगळा पट्टा लागला नाही, त्याच्या गळ्यात होताच. हा लांडगा जन्मापासूनच तयारीत होता, असं डॉ. खवले भाषणात म्हणाले.

समारंभ संध्याकाळी होता. पट्टे बांधून झाल्यावर महाराज म्हणाले, "आता एकदा लांडग्यांचा आवाज ऐकू या. लहानपणी ऐकला होता."

टिप्या पुढे झाला. त्यानं छाती काढली आणि तो भुंकला. त्याच्या मागची सगळी उकिरड्यावरची मंडळी भुंकली.

महाराजांनी उचललेला पेढा परत ताटात ठेवला.

"आमच्या लहानपणी लांडगे असे ओरडत नसत," ते म्हणाले. "ते ऐकलं की आईच्या कुशीत शिरावंसं वाटायचं."

"महाराज, तेव्हा भेसळ फार होती," डॉ. खवले म्हणाले.

त्याच संध्याकाळी माळावर धोंडा फुटला. करडी आणि भुरा समोरच्या टेकाडावर उभे राहून बघत होते. आईचा, आजीचा, सगळ्यांचा धोंडा. धूळ खाली बसली तेव्हा तिथं खडी होती. करडीला पोटातून हुंदका आला, आणि लांडग्यांना रडता येत नसल्यामुळे त्याची हाळी झाली. तशी हाळी तिनं जन्मात दिली नव्हती. भुऱ्यानं तिच्यात आपली मिसळली.

समारंभात सगळे जागच्या जागी थांबले. पेढ्याचं ताट हरणाच्या हातातून पडलं. टिप्यानं शेपूट पायांत घातलं आणि तो खुर्चीखाली गेला. महाराजांचे कान ताठ झाले, मानेवरचे केस उभे राहिले. थोडा वेळ ते महाराज नव्हते, कुणाचं तरी पिल्लू होते.

"हेच," ते हळूच म्हणाले. मग त्यांनी डॉ. खवल्यांकडे पाहिलं. "हे कोण आहे?"

डॉ. खवल्यांनी तोंड उघडलं. तुम्हाला खोटं वाटेल, पण त्या घटकेला ते खरं सांगणार होते. तेवढ्यात त्यांना महाराजांच्या खांद्यामागे बिबटराव दिसले. डॉ. खवले चेंडू झाले.

"जंगली आहे कुणीतरी, महाराज," बिबटराव म्हणाले. "बंदोबस्त करतो."

करडी आणि भुरा गावाकडे सरकले. जाणार कुठे? जंगलात भेसळीला थारा नव्हता. गावाच्या उकिरड्यावरची कुत्री लांडगे म्हणून जंगलात गेली होती, त्यामुळे तिथं जागा रिकामी होती. उकिरड्यामागे एक पडकी वीटभट्टी होती. तिच्या भोकात करडीला पिल्लं झाली. करड्या रंगाची, गुबगुबीत, डोळे मिटलेली. गावातले लोक येताजाता म्हणत, यंदाची कुत्री जरा थोराड आहेत. कुणी शिळी भाकरी टाकी. करडी ती हुंगून सोडून देई, मग भुकेनं खाई.

पिल्लं चालायला लागली. करडीनं त्यांना हाळी शिकवली नाही. धोंडा नाही, माळ नाही, आणि विटांच्या ढिगावरून शिकवायला तिचं मन घेईना. कुठंतरी चांगला माळ बघू, तिथं शिकवू, असं ती भुऱ्याला म्हणायची. भुरा मान हलवायचा.

आणि मग केंद्रानं नवी योजना काढली. शुद्ध लांडग्यांत भेसळ होऊ नये म्हणून जंगलाच्या कडेच्या सगळ्या भटक्या कुत्र्यांची नसबंदी करायची. योजना उत्तम होती. खरंच उत्तम होती, फक्त कुत्री कुठली आणि लांडगे कुठले हा भाग सोडला तर.

जाळी घेऊन गाडी उकिरड्यावर आली. करडी पिल्लांना घेऊन भट्टीत शिरली. भुरा गाडीच्या पुढून पळाला, मुद्दाम, दुसऱ्या बाजूला, जाळीवाले आपल्यामागे यावेत म्हणून. ते आले.

सोडून दिल्यावर तो परतला तेव्हा त्याच्या कानाचं टोक कापलेलं होतं. एकदा नसबंदी केलेला ओळखू यावा म्हणून तसं कापतात. तो भट्टीपाशी येऊन आडवा झाला. करडीनं त्याचा कान चाटला. तिला इतकं वाईट वाटलं की पिल्लांकडे बघवेना. आता या जंगलात, या गावात, उरलेल्या सगळ्या माळावर पुढचे लांडगे म्हणजे एवढी पिल्लंच होती. आणि ती मोठी झाली की गाडी परत येणार होती.

त्या आठवड्यात टिप्या आला. रोडावला होता. पट्टा ढिला होऊन मानेवर फिरत होता.

"करडे, तुझं दात चांगलं हायत," तो म्हणाला. "येवढा पट्टा तोडून दी."

"का रं? लांडगा हायस न्हवं तू?"

"कसला लांडगा. ससा म्हणं तूच धर. मी कवा धरलाय ससा? गावात आलो की पट्टा दिसतुया, शुद्ध लांडगा गावात शिरला म्हणून बोंब हुती, आन् पुन्ना नेऊन सोडत्यात. समद्यांचं तसंच झालंय. घरला यायचंय आमास्नी."

"इकडं आलास तर तुझं बी त्येच करतील." करडीनं भुऱ्याच्या कानाकडे मान केली.

टिप्यानं कानाकडे बघितलं. थोडा विचार केला.

"शिळी भाकर मिळती न्हवं अजून?"

"मिळती."

"मग हू दे."

करडी त्याच्या पट्ट्याकडे बघत होती. पट्टा हाच पुरावा. पट्टेवाल्याची पुन्हा तपासणी नाही, जाळी नाही, गाडी नाही. पट्टेवाल्यानं सावलीत राहावं, आपलं आपण धरून खावं आणि वाढावं, अशीच केंद्राची इच्छा होती.

"तुझ्या दोस्तांस्नी बी घिऊन ये," ती म्हणाली. "समद्यांचं तोडते. पर पट्टं हितंच ठिवायचं."

तसं झालं. एकीकडून कुत्री गावात आली आणि दुसरीकडून करडी पिल्लांना घेऊन केंद्राकडे निघाली. तोडलेले पट्टे तिनं गाठ मारून पिल्लांच्या गळ्यात अडकवले होते. ते फार सैल होते. टिप्याचा तिनं स्वतः घातला.

भुरा फाटक दिसेपर्यंत बरोबर आला. कान कापलेल्याला फाटकातून आत घेत नव्हते. तो तिथंच थांबला. पिल्लांनी मागे वळून पाहिलं, तेव्हा करडीनं त्यांना नाकानं पुढे ढकललं.

डॉ. खवले पडवीत बसले होते. त्यांनी करडीला बघितलं, तिच्या गळ्यातल्या ओळखीच्या पट्ट्याला बघितलं, पिल्लांना बघितलं. बराच वेळ बघितलं.

"प्रमाण लांडग्याला पिल्लं झाली वाटतं," ते शेवटी म्हणाले.

"व्हय, साहेब."

"भुंकतात ना?"

करडीनं वळून फाटकाकडे बघितलं.

"शिकवते," ती म्हणाली.

पिल्लं हुशार होती. काही दिवसांत ती शेपूट हलवायला शिकली. पट्टे त्यांच्या मानेला बसायला लागले. एका संध्याकाळी ती पडवीसमोर खेळत होती, तेव्हा लांबून, माळापलीकडून कुठूनतरी, हाळी आली. एकट्याची होती. पिल्लं थांबली. सगळ्यात धाकटीनं मान आपोआप वर केली. तिचा गळा थरथरायला लागला आणि तोंड गोल झालं. तिला कुणी शिकवलं नव्हतं.

"आये, कोण ओरडतंय?"

पडवीत डॉ. खवले होते. शेजारी पाहुणे आलेले बिबटराव होते, आणि त्यांनी कान टवकारले होते.

"कुणी न्हाई," करडी म्हणाली. "कुणाला तरी खोकला आलाय. भुंक."

धाकटी तिच्याकडे बघत राहिली. मग रीत असते तसं आईनंच सुरुवात केली. करडीनं मान खाली ठेवली आणि ती भुंकली. एकेक पिल्लानं तिला उत्तर दिलं. पहिल्यांदा फाटकंतुटकं आलं, मग नीट आलं. लांबची हाळी थोडा वेळ थांबली, पुन्हा एकदा आली, आणि मग आली नाही.

बिबटरावांनी कान खाली केले आणि पेढा उचलला.

तात्पर्य : मुलांनो, एखाद्या चुकीच्या नमुन्यापुढे मोठ्यांनी हात जोडले असतील, तर नमुना बदलण्याच्या फंदात पडू नये. आपण बदलावं. ते सोपं असतं, त्यानं कुणाचा अपमान होत नाही, आणि नष्ट होता होता आपली शुद्ध म्हणून नोंद होते.